हुकूम कोणाचा चालणार? खडकवासल्याच्या दारातल्या मुली आणि एक जुनाच युक्तिवाद

३० मे २०२५ रोजी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे आपण जिला एनडीए म्हणतो तिथून, १४८वी तुकडी बाहेर पडली. तीनशेहून जास्त कॅडेट्सच्या त्या तुकडीत १७ मुली होत्या. प्रबोधिनीच्या इतिहासातल्या पहिल्या १७. लगेच सगळीकडे 'नारीशक्ती'चे ढोल वाजले, फोटो छापले गेले, भाषणे झाली. त्या मुलींचे कौतुक आम्हीही करतो. त्यांनी तीन वर्षे घाम गाळून ते मिळवले आहे. पण ढोलांच्या आवाजात एक साधा प्रश्न दबून गेला. हे दार आजवर बंद का होते, आणि ते बंद ठेवताना कारण काय सांगितले जात होते?

ते कारण आंबेडकरी तरुणांनी नीट वाचले पाहिजे. ते आपल्या ओळखीचे आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तेच कारण सांगून आपल्या पूर्वजांना पलटणीतून बाहेर काढले गेले होते.

कुलूपही सरकारचे, किल्लीही सरकारची

६ ऑक्टोबर १९४९ रोजी खडकवासल्याला पायाभरणी झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. बारावीच्या वयाच्या मुलांना घ्यायचे, तीन वर्षे शिकवायचे, पदवी द्यायची आणि पुढे भूदल, नौदल, हवाई दलाचे अधिकारी बनवायचे, ही तिची पद्धत. देशाच्या सेनादलांचे अनेक प्रमुख इथूनच घडले. म्हणजे हुकूम देणारे जिथे तयार होतात ती ही जागा आहे. आणि या जागेच्या जाहिरातीत वर्षानुवर्षे एकच अट छापली जात होती: अविवाहित पुरुष.

याच्या मागे एक कायदा उभा होता. १९५०च्या आर्मी ॲक्टचे कलम १२ सांगते की केंद्र सरकार अधिसूचना काढून जी दले किंवा विभाग स्त्रियांसाठी खुले करील, तेवढे सोडून स्त्रिया भरतीला अपात्र आहेत. त्याच वर्षी लागू झालेल्या संविधानाच्या कलम १४, १५ आणि १६ ने लिंगावरून आणि जातीवरून भेदभाव करायला मनाई केली होती. मात्र सैन्यातल्या लोकांच्या मूलभूत हक्कांना संसद मर्यादा घालू शकते, असे कलम ३३ सांगते, आणि पुढे सगळा बचाव याच कलमाच्या आडून झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कलम १२ ने दार कायमचे चिणून टाकलेले नव्हते. कुलूप लावले आणि किल्ली सरकारच्याच खिशात ठेवली. एक अधिसूचना काढली की काम होणार होते. ती किल्ली खिशातून बाहेर यायला ४२ वर्षे लागली.

गरज सरो, वैद्य मरो

'बाईला सैन्य झेपत नाही' हे कारण इतिहासात कुठे टिकते ते पाहू. १८८८ मध्ये परिचारिकांचे पहिले पथक इंग्लंडहून मुंबईला उतरले. तिथून लष्करी परिचर्येची सेवा सुरू झाली ती आजपर्यंत चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९४२ मध्ये ब्रिटिशांनी स्त्रियांचे सहायक दल उभे केले. त्यांनी कचेऱ्या, संदेश यंत्रणा, नोंदी सांभाळल्या. युद्ध संपले आणि दल गुंडाळले गेले. त्याच काळात, १९४३ मध्ये, सिंगापुरात आझाद हिंद सेनेने कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखाली राणी झाशी रेजिमेंट उभारली. तिथे मलायाच्या रबरमळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या मुलींनी बंदूक हातात घेतली. ज्यांना कोणी कधी 'लढाऊ जमात' म्हटले नव्हते, अशा घरच्या त्या मुली होत्या.

आता याच्या शेजारी आपला इतिहास ठेवा. कंपनीच्या मुंबई लष्करात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची '-नाक' नावे आपल्याला पाठ आहेत. पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही भरती बंद झाली. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडली, आणि १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ मध्ये ती मोडली गेली. पुन्हा दुसरे महायुद्ध आले, बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले, त्यांनी मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

गरज असली की पात्र, गरज संपली की अपात्र. महार सैनिक असो की सहायक दलातली स्त्री, दोघांच्याही अंगात १९१७ किंवा १९४२ मध्ये अचानक शौर्य शिरले नव्हते आणि युद्ध संपल्यावर ते आटलेही नव्हते. बदलली होती ती फक्त मालकाची गरज.

'तुमचा हुकूम कोण मानणार?'

महारांची भरती बंद करताना दोन कारणे पुढे केली गेली. एक, काही जाती जन्मतः लढवय्या असतात आणि काही नसतात, हा लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात बोकाळलेला सिद्धांत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. जातवार पलटणी बांधायच्या ठरल्या आणि प्रश्न आला की अस्पृश्य सुभेदाराच्या हाताखाली वरच्या जातीचा शिपाई कसा राहील? तो सलाम कसा करील? म्हणजे दोष शिपायाच्या डोक्यातल्या विटाळाचा, आणि शिक्षा सुभेदाराला.

आता १७ फेब्रुवारी २०२० ला या. सर्वोच्च न्यायालयात बबिता पुनिया प्रकरणाचा निकाल लागला. लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन आणि नेतृत्वाची पदे द्यायची की नाही, हा वाद होता. सरकारच्या बाजूने काय सांगितले गेले? जवान बहुतेक ग्रामीण भागातले असतात, त्यांच्यावर तिथल्या सामाजिक रूढींचे संस्कार असतात, स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी अजून झालेली नाही. न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. स्त्री-पुरुषांबद्दलच्या ठोकळेबाज समजुतींवर संविधानाने दिलेली समान संधी नाकारता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

१८९२ च्या सुमाराचे कारण आणि २०२० चे कारण शेजारी ठेवून वाचा. सुभेदाराच्या जागी स्त्री अधिकारी, वरच्या जातीच्या शिपायाच्या जागी ग्रामीण जवान, बाकी मजकूर तोच. पूर्वग्रह बाळगणारा सुरक्षित, आणि ज्याच्याविरुद्ध पूर्वग्रह आहे त्याला दाराबाहेर. जातिव्यवस्थेचे सगळे तंत्र या एका वाक्यात सापडते.

यात आणखी एक चलाखी आहे. हा ग्रामीण जवान कोण? तो शेतकऱ्याचा, मजुराचा, बहुतेक वेळा बहुजनांचाच पोरगा. दिल्लीच्या कचेरीत बसून नियम करणाऱ्यांनी आपल्या मनातली अढी त्याच्या नावावर खपवली. तुमच्या प्रगतीच्या आड आम्ही नाही हो, तुमचीच माणसे आहेत, असे सांगायची ही जुनी रीत आहे. मंदिरप्रवेशाच्या वेळीही 'आमची हरकत नाही, गाव ऐकणार नाही' असे म्हणणारे कमी नव्हते.

दार कोणी उघडले?

दार कोणाच्या उदारपणाने उघडले नाही. त्याचा क्रम तारखांनिशी सांगायला हवा.

३० जानेवारी १९९२ रोजी कलम १२ खाली अधिसूचना निघाली आणि पाच विभाग स्त्रियांसाठी खुले झाले: टपाल, कायदा, शिक्षण, ऑर्डनन्स आणि पुरवठा. त्यातही ऑर्डनन्स आणि पुरवठा विभागांत ठरावीक कामेच. मुदत पाच वर्षांची. त्याआधी प्रिया झिंगन या तरुणीने थेट लष्करप्रमुखांना पत्र लिहून विचारले होते की मुलींना सैन्यात अधिकारी का होता येत नाही. चेन्नईच्या, तेव्हाच्या मद्रासच्या, अधिकारी प्रशिक्षण अकादमीत पहिली तुकडी दाखल झाली आणि ६ मार्च १९९३ रोजी २५ स्त्रिया अधिकारी होऊन बाहेर पडल्या. प्रिया झिंगन त्यांच्यात होत्या.

पण हे दार अर्धेच उघडे होते. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर आली आणि तिथे थांबली. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळते वीस वर्षांच्या सेवेनंतर. चौदा वर्षे घासून घ्यायचे आणि ऐन चाळिशीत, हातात पेन्शन न देता घरी पाठवायचे. पेन्शनचे मोल आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. दापोलीच्या कॅम्पात स्थायिक झालेले महार पेन्शनर हे आपल्या चळवळीच्या पहिल्या पिढीचे बळ होते. गावकीच्या बलुत्यावर अवलंबून नसलेला, लिहिता-वाचता येणारा माणूसच मान वर करून बोलू शकत होता. गोपाळबाबा वलंगकर त्यातलेच.

स्त्री अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, २०१० मध्ये जिंकल्या. सरकार अपिलात गेले आणि प्रकरण आणखी दहा वर्षे चालले. २०२० मध्ये आधी लष्कराचा आणि महिन्याभरात नौदलाचा निकाल लागला. मग प्रश्न आला की कायमस्वरूपी कमिशन द्यायचे तर निकष कोणते? इथे २५ मार्च २०२१ चा नितीशा प्रकरणातला निकाल आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावा असा आहे. स्त्रियांना पुढे बढती नाहीच, हे गृहीत धरून त्यांचे वार्षिक अहवाल पूर्वी वरवर लिहिले जात होते. तेच अहवाल आता 'गुणवत्ता' म्हणून समोर ठेवले गेले. पुरुषांना तरुण वयात लावलेली शारीरिक कसोटी यांना चाळिशी-पन्नाशीत लावली गेली. निकष कागदावर सगळ्यांना सारखा, परिणाम मात्र एकाच गटाला बाहेर काढणारा. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. 'मेरिट, मेरिट' म्हणून आरक्षणावर तुटून पडणाऱ्यांना आपण हेच तर सांगत आलो आहोत: आधी पाय बांधायचे आणि मग सगळ्यांना एकाच रेषेवरून पळवायचे, याला स्पर्धा म्हणत नाहीत.

आणि मग खडकवासला. कुश कालरा या वकिलाच्या याचिकेवर १८ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या. सरकारचे म्हणणे होते की हा धोरणाचा भाग आहे आणि मुलींसाठी चेन्नईची वाट आहेच. वेगळी वाट आहे ना, मग याच विहिरीवर कशाला येता? हा प्रश्न महाडच्या तळ्यावरून आलेल्या माणसांना नवा नाही. पुढे सरकारने सोयींची तयारी करायला वेळ हवा म्हणून २०२२ पर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने २२ सप्टेंबरला ती नाकारली. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी परीक्षा झाली. मुलींचे अर्ज किती आले? पावणेदोन लाखांहून जास्त. हजारावर मुली लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. आणि त्यांच्यासाठी जागा होत्या १९. एकूण सुमारे ४०० पैकी १९.

ज्यांना 'मुलींना आवडच नाही' असे वाटत होते, त्यांना या पावणेदोन लाखांनी उत्तर दिले. आणि ज्यांना वाटते की दार उघडले म्हणजे समता आली, त्यांनी १९ हा आकडा पाहावा.

अजून कोणती दारे बंद आहेत

एनडीएतून भूदलात जाणाऱ्या मुली पुढे डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत जातात. १९३२ पासून पुरुषांचीच असलेली ती संस्थाही यामुळे उघडली. एप्रिल २०२३ मध्ये तोफखान्यात पहिल्या पाच स्त्री अधिकारी गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या कायदा विभागातली पुरुषांना सहा आणि स्त्रियांना तीन अशी जागांची वाटणीही बेकायदा ठरवली.

पण पायदळ आणि रणगाडा दल अजून बंद आहेत. याचा आपल्यासाठी थेट अर्थ सांगतो. महार रेजिमेंट ही पायदळाची रेजिमेंट आहे. वलंगकरांनी १८९० च्या दशकात अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली, बाबासाहेबांनी ती मागणी तडीस नेली. त्या रेजिमेंटमध्ये भीमा कोरेगावच्या वारसाची लेक आज खडकवासल्याहून पहिली येऊनही अधिकारी म्हणून दाखल होऊ शकत नाही. अर्धा वारसा अजून दाराबाहेर उभा आहे.

या मुलींत आपल्या मुली किती?

काही मित्र म्हणतील, हा शहरी, सवर्ण, इंग्रजी शाळेतल्या मुलींचा प्रश्न आहे, आपला काय संबंध? प्रश्नातली शंका रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. एनडीएच्या प्रवेशात जातीनिहाय आरक्षण नाही. यूपीएससीच्या निकालात प्रवर्गाचा रकाना नसतो. परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची मुलाखत, आणि तिच्यासाठी महागडे शिकवणी वर्ग. अशा वाटेवर आपल्या वस्तीतली मुलगी आपोआप पोहोचणार नाही, हे खरे. पण म्हणून ती वाटच आपली नाही असे म्हणायचे, तर ज्यांनी ती अडवली त्यांचेच काम आपण करून देतो.

बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की कंपनीच्या लष्करात शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही सक्तीचे शिक्षण होते, आणि त्या शिक्षणाने अस्पृश्यांना स्वतःकडे पाहायची नवी दृष्टी दिली. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. भीमाईंचे माहेर मुरबाडकर सुभेदारांचे. पलटण म्हणजे फक्त बंदूक नव्हती. ती शाळा होती, पगार होता, पेन्शन होती, गावाबाहेर पडायचा रस्ता होता. भरती बंद झाली तेव्हा हे सगळे एकदम बंद झाले. आम्ही वर्दीची पूजा करत नाही. सत्ता वर्दीतून कशी वापरली जाते याचे अनुभव आपल्या वस्त्यांना आहेत. म्हणूनच हुकूम देण्याच्या जागेवर कोण बसते हा आपल्यासाठी शोभेचा प्रश्न नाही.

तेव्हा कामाचे बोलू. सैनिकी शाळांत २०२१-२२ पासून मुलींना प्रवेश आहे, आणि तिथे अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण आहे. आपल्या मुलींसाठी खडकवासल्याचा खरा दरवाजा बारावीत नाही, सहावीच्या प्रवेश परीक्षेत आहे. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून उभी आहे. आपल्या किती विहारांत तिच्या परीक्षेचा अभ्यास घेतला जातो? एनडीएच्या परीक्षेला अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना शुल्क नाही. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताला ३०० गुण आहेत, म्हणजे दहावीनंतर मुलीचे गणित सोडवू नका. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. ही माहिती जयंतीच्या फलकावर एका कोपऱ्यात लिहिली तरी दहा घरांत पोहोचेल. आणि मागण्याही स्पष्ट ठेवू: मुलींच्या जागांवरची मर्यादा काढा, पायदळ खुले करा, प्रवेशाची प्रवर्गनिहाय आकडेवारी जाहीर करा, परीक्षा मराठीसह भारतीय भाषांत घ्या.

शेवटी एक प्रश्न आपल्याच अंगणातला. १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, भीमा कोरेगावला समता सैनिक दलाच्या निळ्या टोपीत मुली रांगेने चालताना दिसतात तेव्हा ऊर भरून येतो. त्या रांगेला 'सावधान'चा हुकूम कोण देते? जिल्ह्याच्या समितीत, मोर्चाच्या नियोजनात, विहाराच्या विश्वस्त मंडळात शेवटचा शब्द कोणाचा असतो? सरकारने न्यायालयात सांगितले की गावाकडचा पोरगा बाईचा हुकूम मानणार नाही. न्यायालयाने तो युक्तिवाद कायद्याने खोडला. तो व्यवहारात खोडून दाखवायचे काम गावाकडच्या पोरांचे, म्हणजे आपले आहे.

जय भीम!